दार कोणत्या बाजूनं उघडतं?

'आजोबांची फियाट वाड्यात उभी आहे, व्हिंटेज आहे, काय किंमत येईल?' अमरावती-अकोल्याकडे हा प्रश्न हमखास येतो. मी आधी उलट विचारतो: पुढचं दार कोणत्या बाजूनं उघडतं?

कारण 'फियाट म्हणजे पद्मिनी' हाच पहिला गैरसमज. बिजागऱ्या मधल्या खांबावर असतील आणि दार उलटं उघडत असेल, तर ती डुक्कर. इटलीत 1953 साली आलेली फियाट 1100-103, जी 1954 पासून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून इकडे निघू लागली. 'डुक्कर' हे नाव कंपनीचं नव्हे, लोकांनीच तिच्या फुगीर अंगावरून ठेवलेलं. पद्मिनी पुढच्या पिढीची, 1100 डी. ती 1964 साली 'डिलाइट' म्हणून आली, 'पद्मिनी' झाली 1974 साली. चौकोनी अंग, सरळ उघडणारी दारं. इंजिन मात्र दोघींचं 1089 सीसीच.

आता व्हिंटेजचं. जुनी ती सगळीच व्हिंटेज नसते. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली हवीत आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नको. डुक्कर वयात सहज बसते. पद्मिनीत फक्त अगदी सुरुवातीच्या. 1985 ची बसत नाही. आणि मधे कुणी पेट्रोल परवडत नाही म्हणून डिझेल इंजिन टाकलं असेल, तर वय असूनही अडचण. शिवाय व्हिंटेज नोंदणी झाली की रोजच्या बाजारहाटाला गाडी काढता येत नाही.

डुक्करच्या जुन्या कागदांवर मध्य प्रदेश दिसला तर बनावट म्हणून फेकू नका. 1956 पर्यंत वऱ्हाड त्याच राज्यात होता. उलट असा कागद जपून ठेवा.

'मुंबईत पद्मिनी बंद झाली, आता चालवता येत नाही' हेही ऐकतो. 2023 मध्ये संपली ती काळी-पिवळी टॅक्सी, टॅक्सीच्या 20 वर्षांच्या मर्यादेमुळे. खासगी गाडीला 15 वर्षांनंतर तपासणी करून, हरित कर भरून नोंदणी वाढवता येते.

शेवटचा गैरसमज मे महिन्यातला. अकोल्याच्या उन्हात गाडी फाटकावर थांबते आणि पुन्हा चालूच होत नाही. मालक म्हणतो, 'इंजिन गेलं राजेहो.' गेलेलं नसतं. पेट्रोलचा पंप इंजिनलाच चिकटलेला, त्यामुळे तापून आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. पंपावर ओलं फडकं ठेवा, दहा-पंधरा मिनिटं दम धरा, बहुधा चालू होते. या एका कारणापायी इंजिन उघडायला लावणाऱ्या मिस्त्रीपासून जपा.

माझं मत विचाराल तर हौसेला डुक्कर, चालवायला पद्मिनी. पण दोन्हींत आधी चासी क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहा, पैशाचं मग बोला.