व्हॉक्सेल खेळांतील चंक साठवण

चंक साठवण ही ठोकळ्यांच्या जगात चालणाऱ्या संगणकीय खेळांमध्ये मेमरीचे व्यवस्थापन करण्याची पद्धत आहे. असे जग जवळजवळ अमर्याद असते, मेमरी मात्र मर्यादित. म्हणून जगाचे चंक नावाचे समान तुकडे पाडून खेळाडूच्या आसपासचे तुकडेच मेमरीत ठेवले जातात.

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत चंकाचा पाया १६ × १६ ठोकळ्यांचा असतो. २०२१ मधील १.१८ आवृत्तीपासून त्याची उंची ३८४ आहे. म्हणजे एका चंकात ९८,३०४ ठोकळे. खेळाडूच्या चारही बाजूंना दहा-दहा चंक धरल्यास २१ × २१ म्हणजे ४४१ चंक लागतात. ठोकळा एक मीटरचा मानला तर हे क्षेत्र सुमारे १.१३ लाख चौरस मीटर, अर्थात दादरच्या शिवाजी पार्क मैदानाएवढे होते. दर ठोकळ्यास दोन बाइट दिल्यास तेवढ्यासाठीच सुमारे ८.७ कोटी बाइट खर्च होतात. यावर उपाय म्हणून १६ ठोकळे उंचीच्या प्रत्येक थरात आढळणाऱ्या प्रकारांची छोटी यादी ठेवून ठोकळ्यांच्या जागी तिच्यातील क्रमांक नोंदवतात. सोळापर्यंत प्रकार असतील तर चार बिट पुरतात. केवळ हवा असलेल्या थराला जवळपास काहीच लागत नाही.

== शोधण्याची रचना ==

दिलेल्या निर्देशांकांवरून चंक लगेच सापडणे आवश्यक असते. सर्व्हरवर खेळाडू दूरदूर विखुरलेले असल्याने हॅश टेबल सोयीचे ठरते. त्यात दोन ३२-बिट निर्देशांक जोडून एक ६४-बिट किल्ली बनवतात. एकाच खेळाडूसाठी २१ × २१ चा स्थिर अ‍ॅरे अधिक जलद असतो. चंकाच्या निर्देशांकांना २१ ने भागून उरलेली बाकी हे त्याचे स्थान. खेळाडू एक चंक पूर्वेला सरकला की नवा स्तंभ नेमका पश्चिमेकडील बाद झालेल्या स्तंभाच्या जागी बसतो आणि बाकीचे काही हलवावे लागत नाही. मात्र त्या जागी जुनाच चंक उरलेला नाही ना, हे त्याचे निर्देशांक ताडून पाहावे लागते.

ऋण निर्देशांकांत हमखास चूक होते. −१ क्रमांकाचा ठोकळा −१ क्रमांकाच्या चंकात असतो. पण सी किंवा जावामधील पूर्णांकी भागाकार −१ ÷ १६ चे उत्तर ० देतो. परिणामी मूळ बिंदूजवळचे दोन चंक एकमेकांवर लिहिले जातात आणि बांधकाम नाहीसे होते. म्हणून भागाकार नेहमी खालच्या पूर्णांकाकडे उतरवतात.

== मेमरीतून काढणे ==

बदल झालेल्या चंकावर खूण केली जाते आणि तो डिस्कवर लिहिल्यानंतरच मेमरीतून काढला जातो. काढण्याचे अंतर आणण्याच्या अंतराहून थोडे अधिक ठेवतात. अन्यथा सीमेवर मागेपुढे करणाऱ्या खेळाडूमुळे तेच चंक वारंवार वाचले-लिहिले जातात. माइनक्राफ्टमध्ये डिस्कवरील एका फाइलमध्ये ३२ × ३२ चंक एकत्र साठवले जातात.