आमचा सिनेमा, त्यांची धडधड

मागच्या दिवाळीत माझी भिशी लागली आणि घरात होम थिएटर आलं. टीव्ही होताच. त्याच्या दोन्ही बाजूंना उभे स्पीकर, मधे एक आडवा, सोफ्यामागे दोन छोटे आणि कोपऱ्यात एक काळा चौकोनी डबा. "आई, हा सबवूफर. खरी मजा यातच असते," चिरंजीवांनी सांगितलं. सासूबाईंनी लगेच त्यावर क्रोशाचा रुमाल अंथरला आणि वर फुलदाणी ठेवली. पहिल्याच सिनेमात ती फुलदाणी हळूहळू चालायला लागली आणि खाली पडून फुटली. आम्ही सगळे पोट धरून हसलो.

ते हसू तीन आठवडे टिकलं. एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू भाजीचं भांडं परत द्यायला आल्या. दारातच घुटमळल्या. म्हणाल्या, "राग मानू नका हं वहिनी. तुमचा पिक्चर रात्री किती वाजता संपतो? नाही, म्हणजे ह्यांना झोपेची गोळी त्यानंतरच देईन म्हणते."

काकांना अर्धांगाचा झटका आलेला. वर्षभर अंथरुणाला खिळलेले. आणि तीन आठवडे ही बाई एका शब्दानं बोलली नव्हती. का, तर सोसायटीत रोज तोंड बघायचं असतं!

मला तोंड वर करवेना. गणपतीच्या आधी आमच्या महिला मंडळानं डीजेच्या भिंतींविरुद्ध पोलीस ठाण्यात निवेदन दिलं होतं. त्यावर पहिली सही माझी होती आणि दुसरी याच काकूंची.

दुसऱ्या दिवशी मी चिरंजीवांना म्हटलं, "कालचाच पिक्चर लाव, कालच्याच आवाजात." आणि मी खाली जाऊन काकांच्या पलंगाशी बसले. मैत्रिणींनो, संवादांतला एक शब्द ऐकू येत नव्हता. गाणं नाही, संगीत नाही. फक्त छतातून धुम्... धुम्... मांडणीवरच्या ताटल्या किणकिणत होत्या. उशाशी ठेवलेल्या तांब्यावरचं फुलपात्र थरथरत होतं. पुढचा धक्का कधी येणार ते कळत नाही, म्हणून अंग आवळून बसायचं. मी दहा मिनिटांत उठले. काकांना उठता येत नाही.

आमचे 'हे' म्हणाले, "विकून टाका तो डबा." चिरंजीव घुश्शात. मी ठरवलं, विकायच्या आधी एकदा समजून तरी घेऊ. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. विज्ञान दहावीतच सुटलेलं. पण मंडळाच्या कार्यक्रमांना साउंड लावणारे एक जुने गृहस्थ आहेत. त्यांना चहाला बोलावलं आणि वही घेऊन बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. आपल्या कानाला सेकंदाला साधारण 20 ते 20,000 कंपनांचा आवाज कळतो. त्यातला अगदी तळाचा, म्हणजे 20 पासून शंभर-सव्वाशे कंपनांपर्यंतचा खर्ज सबवूफर सांभाळतो. 'पाच पॉइंट एक'मधला तो 'पॉइंट एक' म्हणजे हाच डबा. आवाज जितका खोल, तितकी त्याची लाट लांब. 40 कंपनांची लाट जवळजवळ 28 फुटांची होते! आमच्या हॉलची लांबीच 16 फूट. बारीक आवाज भिंतीला, स्लॅबला बराचसा अडतो. ही लांबलचक लाट मात्र सहज पलीकडे जाते. म्हणून संवाद आमच्या घरात राहिले आणि धडधड काकांच्या घरात गेली.

"पण काका, आम्हाला वर तो एवढा जोरात वाटतच नाही. म्हणून तर मुलगा आवाज वाढवतो," मी म्हटलं. ते हसले. म्हणाले, "परातीत पाणी घ्या."

घेतलं. परात हळूच डावी-उजवीकडे हलवली. कडेचं पाणी उसळत होतं, मधलं मात्र जवळजवळ जागच्या जागी. खोलीत खर्जाचं असंच होतं. तो भिंतींशी, कोपऱ्यांत साचतो आणि मधे काही सूर पार नाहीसे होतात. आमच्या सोफ्यामागे जेवणाचं टेबल होतं, म्हणून सोफा बरोब्बर हॉलच्या मध्यावर. खर्ज ऐकू येत नाही म्हणून आम्ही बटण वाढवत होतो, आणि वाढवलेलं सगळं खालच्या मजल्यावर जात होतं. डबा दोषी नव्हता. आम्ही चुकीच्या जागी बसलो होतो!

मग आधी टेबल बाजूला घेतलं आणि सोफा तीन फूट मागे सरकवला. अगदी भिंतीला चिकटवला नाही, कारण तिथे खर्ज फार फुगतो. नंतर डब्याची जागा शोधायची होती, आणि त्याची युक्ती मोठी मजेशीर आहे. सबवूफर उचलून आपण बसतो त्या जागेवर, थेट सोफ्यावर ठेवायचा. खर्जाचं एखादं गाणं सतत चालू ठेवायचं आणि आपण भिंतीच्या कडेकडेनं, कान जमिनीलगत ठेवून रांगायचं. जिथे खर्ज एकसारखा, मोकळा ऐकू येईल, ती डब्याची जागा. कोपऱ्यात तो घोंगावतो, कुठे पार गायब होतो. आमचे 'हे' गुडघ्यांमुळे रांगेनात, म्हणून पदर खोचून मीच रांगले. सासूबाई म्हणाल्या, "या वयात सून रांगायला लागली, आता पुढे काय?" जागा सापडली ती टीव्हीच्या कपाटाशेजारी, कोपऱ्यापासून चांगली चार फूट दूर. तिथे ठेवल्यावर आवाजाचं बटण निम्म्याच्याही खाली आलं आणि तरी तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा पहिल्यांदाच नीट कानावर आला.

डब्याच्या मागे तीन बटणं असतात, त्यांना घाबरू नका. पहिलं आवाजाचं. दुसरं क्रॉसओव्हर, म्हणजे कुठल्या कंपनांपर्यंतचं काम डब्यानं करायचं ते. ते साधारण 80 वर ठेवून सुरुवात करावी. फार वर नेलं तर पुरुषांचे आवाज कोपऱ्यातून आल्यासारखे वाटतात. हेच सेटिंग ॲम्प्लिफायरमध्येही असेल तर तिथेच करावं आणि डब्यावरचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवावं. नाहीतर दोन्हीकडे काटछाट होते. तिसरं फेज, त्यावर 0 आणि 180 असं लिहिलेलं असतं. एकानं सोफ्यावर बसावं, दुसऱ्यानं बटण बदलावं. ज्यात खर्ज भरीव लागेल ते ठेवावं. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे सबवूफर वेगळा 'ऐकू' आला की समजावं, तो जास्त झाला आहे. वरणातल्या हिंगासारखं. असावा, पण जाणवू नये.

डब्याखाली आम्ही जाड रबराचा तुकडा घातला. त्यानं फरशीत थेट उतरणारी थरथर कमी होते. पण हवेतून जाणारा खर्ज त्यानं थांबत नाही, हेही खरं. त्याला उपाय एकच, आवाज कमी. बऱ्याच साउंडबारवर आणि ॲम्प्लिफायरवर 'नाइट मोड' असतो. त्यात मोठे धमाके दबतात आणि संवाद स्पष्ट राहतात. रात्री तो लावावा.

तुमच्याकडे अजून खरेदी व्हायची असेल तर चार गोष्टी सांगते. दुकानदार 'पीएमपीओ'चे हजारो वॉट सांगेल. तिकडे कानाडोळा करून 'आरएमएस' किती ते विचारा, तोच कामाचा आकडा. लहान हॉलला आठ इंची सबवूफर पुरतो, आमच्याएवढ्याला आठ किंवा दहा. बारा इंची मोठ्या हॉलसाठी, आणि खाली-वर शेजार नसेल तर. बंद पेटीचा सबवूफर आटोपशीर असतो, त्याचा ठोका नेमका बसतो. भोकाचा जास्त घुमतो, आणि भोक मागे असेल तर भिंतीपासून अंतर लागतं. आमच्या भाच्यानं त्या भोकात दोन गोट्या टाकल्या होत्या. खडखड कुठून येते ते शोधण्यात एक रविवार गेला! साउंडबारबरोबर येणारा 'वायरलेस' सबवूफर घेतलात तरी त्याला विजेची वायर लागतेच. जवळ प्लग पॉइंट आहे ना, ते आधी बघा. दुकानात 'झिंगाट' लावून भारून टाकतात. तुम्ही आपलं ओळखीचं तबल्याचं गाणं मोबाइलमध्ये घेऊन जा. डग्ग्यावरचा हात थांबला की आवाज थांबतो का, की मागे रेंगाळत राहतो, ते ऐका. आणि वर फुलदाणी ठेवू नका, हे माझ्याकडून शिका!

सगळं झाल्यावर मी पुन्हा खाली गेले. वर सिनेमा चालू होता. ताटल्या गप्प होत्या. कान देऊन ऐकलं तर लांबून कुणी पाट सरकवल्यासारखं काहीतरी. काकू म्हणाल्या, "एवढं चालतंय हो." मी म्हटलं, "चालवून घेऊ नका. रात्री दहानंतर डबा बंद. त्याआधीही काकांना त्रास झाला तर नुसता मिस्ड कॉल द्या." कायद्याचंही तेच आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. निवेदनात हे आकडे मीच लिहिले होते. आपल्या हॉलमध्ये ते आठवले नाहीत.

आजवर काकूंचे दोनच मिस्ड कॉल आले. एक खरंच आवाजासाठी. दुसऱ्यांदा मी डबा बंद करून धावत खाली गेले, तर काकू म्हणाल्या, "अहो, विरजण हवं होतं."

गणपती जवळ आले की मंडळांच्या पोरांना भेटायला आम्ही बायका पुन्हा जाणार आहोत. या वेळी नुसतं निवेदन नेणार नाही. त्यांना म्हणणार आहे, "चला, तुमच्या स्पीकरच्या मागच्या घरात दहा मिनिटं बसू. मीही बसले होते."