गालावरच्या लालीची पारख

लखनौच्या कैसरबागेत, जेथे नवाब वाजिद अली शाह यांच्या परीखान्यात एके काळी नृत्यगायनाची तालीम चालत असे आणि जेथे आज पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या नावाचे विश्वविद्यालय उभे आहे, त्या परिसरातील नाट्यगृहांच्या रंगपटांत, कथकचा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी, एक काम असे चालते की ज्याच्याकडे प्रेक्षकांचे तर नाहीच, पण पुष्कळदा खुद्द नर्तकीचेही लक्ष नसते. ते काम म्हणजे गालांवर लावावयाच्या कोरड्या लालीची, आजच्या बोलीत पावडर ब्लशची, पारख.

मराठी माणसाला हे स्थळ परके वाटत नाही. मुंबईच्या वालकेश्वरात जन्मलेल्या भातखंड्यांनी राय उमानाथ बली यांच्यासारख्या संगीतप्रेमी जमीनदारांच्या साहाय्याने 1926 साली येथे मॅरिस कॉलेजची मुहूर्तमेढ रोवली आणि पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी प्राचार्य या नात्याने त्या संस्थेचा कारभार वर्षानुवर्षे वाहिला, हा इतिहास आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु भातखंड्यांनी रागांच्या बंदिशी जशा स्वरलिपीत बांधून ठेवल्या, तशी रंगपटातली ही विद्या कोणी लिहून ठेवलेली मला आढळली नाही. ती बोटांची आणि डोळ्यांची विद्या आहे, आणि ज्या रंगभूषाकार बाईंजवळ बसून मी ती पाहत आले, ज्यांना सारा रंगपट ‘आपा’ म्हणून हाक मारतो, त्या तिच्याविषयी फारसे बोलतही नाहीत. त्या करून दाखवतात.

अमीनाबादच्या गडबडझाला बाजारातून आणलेली एखादी स्वस्त डबी, हजरतगंजातल्या दुकानातून आलेली एखादी विलायती आणि एखादी देशी कारखान्याची, अशा डब्या समोर आल्या, की आपांचे पहिले काम दिवे मालवण्याचे. हल्लीच्या स्वस्त एलईडी दिव्यांत तांबड्या रंगाच्या किरणांचा अंश तोकडा असतो, आणि ज्या वस्तूचा सारा गुणदोष तांबड्या रंगात सामावलेला आहे, तिचा न्यायनिवाडा तांबड्याची वाण असलेल्या प्रकाशात करणे म्हणजे साक्षीदाराला बाहेर ठेवून खटला चालवणे होय. म्हणून डब्या उत्तरेकडच्या खिडकीशी जातात, जेथे थेट ऊन पडत नाही आणि प्रकाश बराच वेळ एकसारखा राहतो. डिसेंबर-जानेवारीत लखनौवर धुके उतरते तेव्हा हाच प्रकाश निळसर होतो. अशा दिवशी आपा रंगाविषयीचा फैसला दुपारपर्यंत तहकूब ठेवतात.

डबीत दिसणारा रंग आणि त्वचेवर उतरणारा रंग यांत जी तफावत असते, ती समजणे हे या पारखीचे मर्म आहे. डबीत रंगाचा दाट थर असतो, गालावर त्याचा अत्यंत विरळ पदर बसतो, आणि त्या पदरातून खालची त्वचा दिसत राहते. किंबहुना ती दिसावी हाच हेतू असतो, कारण लाजेने, श्रमाने किंवा आनंदाने चेहऱ्यावर चढणारी खरी लाली ही त्वचेखालच्या रक्ताची असते, तिला कोठे काठ नसतो. आपा म्हणून मनगटाच्या आतल्या बाजूवर रंग कधीच ओढून पाहत नाहीत. ती त्वचा उन्हापासून झाकलेली, चेहऱ्याहून उजळ. त्या जबड्याच्या कडेवर, कानाच्या थोडे पुढे, अनामिकेने रंग लावतात, बोट न घासता नुसते टेकवतात, आणि मग तीन पावले मागे सरून पाहतात.

याच ठिकाणी डबीतले गोंडस गुलाबी रंग उघडे पडतात. फिका गुलाबी रंग साधण्यासाठी तांबड्या रंगद्रव्यात टिटॅनियम डायऑक्साइड नावाचा पांढरा रंग सढळ हाताने मिसळलेला असतो. गोऱ्या कातडीवर तो पांढरेपणा खपून जातो. गव्हाळ किंवा सावळ्या गालावर मात्र तांबडा अंश त्वचेत विरतो आणि पांढरा तेवढा वर राहतो, त्यामुळे गालावर लाली येण्याऐवजी राखेची कळा येते. उलट, जी डबी उघडताच नवख्या मुलीला धास्ती वाटावी, विटेसारखी, डाळिंबाच्या सालीसारखी गडद, तिचाच विरळ पदर सावळ्या गालावर असा बसतो की रंग लावला आहे हे सांगावे लागते. दुकानात सावळ्या मुलीच्या हाती फिकी डबी देताना ‘याने उजळ दिसाल’ असे जे सांगितले जाते, त्याचा मला मनापासून राग येतो. उजळ करणे हे लालीचे कामच नव्हे. सावळ्या गालाखाली वाहणाऱ्या रक्ताची जी छटा असते ती गडद असते, आणि तिच्याशी इमान राखणारी लाली तीच खरी.

रंगमंचासाठी आणखी एक कसोटी लागते. कथकच्या अभिनयाच्या भागात विरहाचा प्रसंग आला की प्रकाशयोजनाकार निळा प्रकाश टाकतो, आणि निळ्या प्रकाशात तांबडा रंग काळवंडतो. गालाच्या उंचवट्यावर लावलेली लाली मागच्या रांगेतून पाहणाऱ्यास खड्ड्यासारखी दिसू लागते, आणि राधा विरहिणी न वाटता आजारी वाटते. म्हणून निळी काच लावलेल्या दिव्याखाली गाल पाहिल्यावाचून आपा डबीला मंजुरी देत नाहीत.

रंगाची परीक्षा डोळ्यांची, पोताची मात्र बोटांची. भाकरीचे पीठ किती बारीक दळले गेले आहे हे आपल्याकडच्या बायका जशा चिमटीत घेऊन सांगतात, तशा आपा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चूर्ण चोळून त्यातले घटक सांगतात. घसरण गुळगुळीत आणि किंचित थंड लागली तर संगजिरे, ज्याला कारखानदार टाल्क म्हणतात, चांगल्या प्रतीचे. हे खनिज काठिण्याच्या मोजपट्टीवर सर्वांत खालच्या, म्हणजे पहिल्या पायरीवर बसते, आणि त्याचे पापुद्रे एकमेकांवरून सहज सरकतात. बोटांना कोरडेपणा जाणवला आणि रंग मंद वाटला तर केओलिन, म्हणजे चिनी माती, अधिक. ती घाम शोषते, पण चकाकी मारते. बोट उजेडात धरल्यावर बारीक ठिणग्या दिसल्या तर अभ्रक आले. तरुण मुलींना त्या ठिणग्यांचा मोह पडतो, परंतु मोठे अभ्रककण गालावरची रंध्रे आणि जुन्या पुटकुळ्यांचे व्रण नेमके उठवून दाखवतात, आणि रंगमंचाच्या प्रखर प्रकाशात गाल ओला असल्याचा भास होतो. आणि बोटाला कण टोचला, अगदी एकच टोचला, तरी डबी बाजूला ठेवली जाते.

हे चूर्ण वडीच्या रूपाने कसे सिद्ध होते, ते थोडक्यात सांगणे जरूर आहे, कारण त्याशिवाय पुढची परीक्षा कळणार नाही. संगजिऱ्यात रंगद्रव्ये घालून ती एकत्र दळतात, इतकी की रंगाची एकही रेघ वेगळी दिसू नये. मग तेलाचा किंवा सिलिकोनचा अल्पसा अंश बंधक म्हणून फवारतात, त्वचेला धरून राहावे म्हणून जस्ताचे किंवा मॅग्नेशियमचे स्टिअरेट मिसळलेले असते, आणि ते मिश्रण चाळून पत्र्याच्या उथळ ताटलीत यंत्राने दाबतात. सारा प्रश्न त्या दाबाचा. दाब कमी पडला तर वडी प्रवासातच भंगते. म्हणून कारखान्यात ठरावीक उंचीवरून ताटली फळीवर टाकून पाहण्याचा शिरस्ता आहे. दाब किंवा तेल जास्त झाले तर वडीवर काचेसारखा कडक, चकचकीत थर चढतो आणि कुंचला वरून नुसता फिरतो, रंग घेत नाही. हाच थर चांगल्या वडीवरही चढतो, जेव्हा तेलकट बोट पुन्हा पुन्हा तिच्यावर फिरते. आपा म्हणून आरंभीच एका कोपऱ्यातले चूर्ण कागदावर खरवडून घेतात आणि बोट त्या कागदावरच चालवतात. कुंचला मात्र वडीवर एकदाच, हलका, फिरवला जातो, आणि नंतर त्याची मूठ मनगटावर ठोकली जाते. त्या ठोक्यासरशी हवेत उडालेल्या धुळीवरून त्या सांगतात की हे चूर्ण गालावर किती बसेल आणि पोशाखावर किती सांडेल. पांढऱ्या चिकनकारीच्या पेहरावावर सांडलेली तांबडी धूळ झटकली तर जाळीत शिरते.

टिकाऊपणाच्या परीक्षेला घाई चालत नाही. आपा एका गालावर एक लाली लावतात, दुसऱ्यावर दुसरी, आणि मुलीला तालमीला पाठवतात. तत्कार सुरू होतो, चक्करे होतात, घुंगरांच्या वजनाने श्वास वाढतो, आणि लखनौच्या ज्येष्ठातली लू असो की श्रावणातला दमट उकाडा, चेहऱ्यावर दोन भिन्न द्रव येऊ लागतात, ज्यांचा परिणामही भिन्न होतो. घाम हे पाणी. ते ओघळते, आणि त्याच्या वाटेत स्टिअरेट कमी असलेली लाली आली की तीत रेघा पडतात. त्वचेतून झिरपणारे तेल मात्र ओघळत नाही. ते चूर्णाच्या कणांमधल्या हवेच्या पोकळ्या भरून काढते, कणांवरून विखुरणारा प्रकाश कमी होतो, आणि तोच रंग एक-दोन पायऱ्या गडद दिसू लागतो. तालमीच्या आरंभी जी लाली सुरेख जर्दाळू रंगाची होती ती शेवटी विटकरी का दिसते, याचे कारण एवढेच. आपा ही वाढ आधीच हिशेबात धरतात. उन्हाळ्यात त्या गडद होणारी डबी एक पायरी फिकी निवडतात, हिवाळ्यात निवडत नाहीत.

मुलगी परत आली की दोन्ही गाल पुन्हा खिडकीशी पाहिले जातात. रंग एकसारखा विरला असेल तर त्याला दोष नाही, कारण एकसारखे विरणे निसर्गालाही मान्य आहे. तुकड्यातुकड्यांनी उडाला असेल, नाकाजवळ साचला असेल, तर ती डबी नापास. मग ओल्या फडक्याने गाल पुसतात. लोहाच्या गंजाच्या जातीची रंगद्रव्ये पुसली की निघून जातात. काही सेंद्रिय रंग मात्र त्वचेत मुरून गुलाबी डाग ठेवतात, आणि हा डाग म्हणजे टिकाऊपणा अशी पुष्कळ विक्रेत्यांची समजूत असते. आपा त्याला टिकाऊपणा मानत नाहीत, आणि मीही मानत नाही.

गाल रंगवण्याचा हव्यास काही आजचा नव्हे. मेघदूतातल्या अलकेच्या स्त्रिया लोध्रपुष्पांचा पराग चेहऱ्याला लावत, आणि आपल्या जुन्या नाटकवाल्यांच्या पेटीत सफेदा, पिवडी आणि हिंगूळ असत. त्यांतला हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग, आणि तो नटांच्या गालांवर रात्रीच्या रात्री असे. पॅरिसमध्ये 1863 साली स्थापन झालेली बुर्जुआ ही पेढी नटनट्यांच्या रंगभूषेतूनच वाढली आणि तेलकट रंगाच्या जागी कोरडी लाली रुळवण्यात तिचा मोठा हात होता. आपल्या देशात टाटा ऑइल मिल्सने 1952 साली लॅक्मे काढली, तेव्हा मध्यमवर्गीय घरांतल्या आरशासमोर देशी डबी आली. आज कायद्याने सौंदर्यप्रसाधनाला रंग देण्यासाठी शिसे आणि आर्सेनिक यांची संयुगे वापरण्यास मनाई आहे, आणि प्रसाधनात घातलेल्या सेंद्रिय रंगांत अशुद्धी म्हणून येणारे शिसे दहा लाख भागांत 20 भागांवर व आर्सेनिक 2 भागांवर जाता कामा नये, अशी मर्यादा घातलेली आहे.

लखनौला या बाबतीत बोलण्याचा विशेष अधिकार आहे. सिब्ते हसन झैदी यांनी 1965 साली येथे उभारलेली विषविज्ञान संशोधन संस्था रंगांच्या आणि रसायनांच्या अपायांचाच अभ्यास करते, आणि सिकंदरबागेतल्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने मंदिरांत वाहिलेल्या फुलांपासून होळीचा गुलाल सिद्ध करून दाखवला आहे. हा गुलाल आणि आपली लाली या भिन्न वस्तू असल्या, तरी दोन्ही अखेर माणसाच्या तोंडाला लागतात, आणि ज्या शहरात फुलांचा गुलाल होऊ शकतो, त्याच शहरातल्या बाजारात बिननावाची, बिनपरवान्याची डबी मुलींना विकली जावी, हे मला सहन होत नाही. आपा अशी डबी बोटाने चाचपूनही पाहत नाहीत. त्यांची परीक्षा रंग, पोत आणि टिकाव यांची आहे. शिसे बोटाला कळत नाही, हे त्या जाणून आहेत.

तेव्हा वाचक भगिनींना माझी विनंती अशी, की डबी घेण्यापूर्वी ती उलटी करावी. निर्मात्याचे नाव, परवान्याचा क्रमांक आणि वापराची मुदत छापलेली नसेल तर भाव विचारू नये. घटकांच्या यादीत 77491 हा क्रमांक असेल तर तो तांबड्या लोह-ऑक्साइडचा, 77891 असेल तर पांढऱ्या टिटॅनियम डायऑक्साइडचा, आणि हा दुसरा क्रमांक यादीत असेल तर सावळ्या गालावर राख दिसण्याची शक्यता धरून चालावे. 75470 हा क्रमांक कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेल्या किरमिजी रंगाचा आहे. शाकाहाराचे व्रत पाळणाऱ्यांनी तो आवर्जून पाहावा. मग दुकानदाराची परवानगी घेऊन बोटावरची लाली जबड्याशी टेकवावी, दुकानाच्या दिव्यांतून बाहेर रस्त्यावर यावे, आरसा पाहावा, आणि डबी त्याच दिवशी न घेता संध्याकाळी घरी गेल्यावर तो गाल पुन्हा एकदा पाहून मग ठरवावे.