आधुनिक जॅझमधील संथ वळण व सिंथेसायझर

वादकाची तत्क्षणीची उपज हा जॅझ संगीताचा प्राण होय. सॅक्सोफोनमध्ये ही उपज श्वासाशी व पियानोमध्ये बोटांच्या आघाताशी निगडित असते. सिंथेसायझरचा ध्वनी मात्र विद्युत्-मंडलात घडविला जातो. अशा वाद्याचा विपुल वापर करून अलीकडे ज्या संथ व विश्रब्ध प्रकृतीच्या ध्वनिमुद्रिका तयार झाल्या, त्यांना जॅझ म्हणावे काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर वाद्यांच्या नामावलीत सापडत नाही. त्या वाद्यांकडे कोणते कार्य सोपविले गेले, हे पाहिल्यावरच ते मिळू शकते.

प्रथम वाद्याचे स्वरूप ध्यानात घ्यावयास हवे. अमेरिकेत रॉबर्ट मूग व डॉन बुकला यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास, परस्परांपासून स्वतंत्रपणे, विद्युत्-दाबाने नियंत्रित होणारे सिंथेसायझर सिद्ध केले. मूग यांच्या पद्धतीत ऑसिलेटर मूळ कंपन निर्माण करतो, फिल्टर त्यातील नको असलेले उपस्वर गाळून टाकतो, आणि तिसरी योजना ध्वनीचा उगम, स्थिती व विराम यांचे कालमान ठरविते. स्वर सावकाश उमलू दिला व वरचे उपस्वर गाळले, तर आघाताची जाणीव लोपते आणि नाद मृदू होतो. एक ऑसिलेटर सेकंदास २२० कंपनांवर व दुसरा २२०.५ कंपनांवर ठेवल्यास दर दोन सेकंदांनी एक मंद आंदोलन ऐकू येते. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांत किंचित अंतर राहिले असता येणारा अनुभव याच जातीचा आहे. संथपणाचे भौतिक अधिष्ठान हे असे आहे.

तथापि, जॅझमध्ये या वाद्याचा आरंभीचा उपयोग याहून निराळा होता. १९७० साली आलेल्या मिनीमूगवर एका वेळी एकच स्वर निघत असे. त्यामुळे ते एकल वादनाचे किंवा खर्जातील स्वरपंक्तीचे वाद्य ठरले. हर्बी हॅन्कॉक यांच्या १९७३ च्या ‘हेड हंटर्स’ या मुद्रिकेतील ठसठशीत खर्जपंक्ती आर्प ओडिसी या सिंथेसायझरवर वाजविलेली आहे. तिच्यात चैतन्य आहे, विश्रांती नाही. पुढे ओबरहाइम कंपनीचा चार स्वर एकदम वाजविणारा सिंथेसायझर व सोलिना हे तंतुवाद्यसमूहाचा भास निर्माण करणारे वाद्य उपलब्ध झाले. तेव्हा कोठे दीर्घकाळ टिकणारे स्वरसमूह सुलभ झाले, आणि पार्श्वभूमी धरून ठेवण्याचे कार्य या वाद्यांकडे येऊ शकले.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. संथपणाची दृष्टी ही वाद्याच्या आधीची आहे. माइल्स डेव्हिस यांच्या १९६९ च्या ‘इन अ सायलेंट वे’ या मुद्रिकेत सिंथेसायझर नाही. विद्युत्-पियानो व ऑर्गन यांवर तीन वादक आहेत, आणि निर्माते टीओ मॅसेरो यांनी ध्वनिफितीचे तुकडे जोडून आरंभीचा भाग अखेरीस पुन्हा आणला आहे. अॅलिस कोल्ट्रेन यांच्या १९७१ च्या ‘जर्नी इन सच्चिदानंद’ या मुद्रिकेतही सिंथेसायझर नाही. तिच्या शीर्षकरचनेत तंबोऱ्याचा अखंड नाद आहे, सेसिल मॅकबी यांची डबल बेसवरील आवर्तित पंक्ती आहे, आणि त्यांवर हार्प व फॅरो सँडर्स यांचा सॅक्सोफोन विहरतो. शीर्षकात स्वामी सच्चिदानंदांचे नाव आहे. पुढे १९८२ च्या ‘तुरीय सिंग्ज’ या संस्कृत भक्तिगीतांच्या कॅसेटमध्ये याच विदुषीने ऑर्गनच्या जोडीस सिंथेसायझर घेतला. म्हणजे अखंड नादाची कल्पना आधी स्थिर झाली, वाद्य मागाहून आले. जॅझबाहेरील तिसरा प्रभाव ब्रायन ईनो यांच्या १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’चा; मंद गतीने बदलणारे ध्वनिवातावरण हीच स्वतंत्र रचना होऊ शकते, हे तिने दाखविले.

या सर्व धारांचा संगम २०२१ च्या ‘प्रॉमिसेस’ या मुद्रिकेत दिसतो. फ्लोटिंग पॉइंट्स या नावाने परिचित असलेले सॅम शेफर्ड, फॅरो सँडर्स व लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा यांची ही नऊ भागांची सुमारे ४६ मिनिटांची रचना आहे. हार्पसिकॉर्ड, पियानो व सेलेस्टा यांच्या मिश्र नादातील एक लहानशी स्वराकृती तीत पुनःपुन्हा येते. तिच्याभोवती आर्प २६००, बुकला, ओबरहाइम व सोलिना यांचे स्तर अत्यंत अल्प प्रमाणात योजिले आहेत. सँडर्स कित्येकदा थांबतात, ऐकतात, मग दोनचार स्वर उच्चारतात. चौथ्या भागात तर सॅक्सोफोन बाजूस ठेवून कंठानेच गुणगुणतात. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ते अठ्याहत्तर वर्षांचे होते. २०२२ साली त्यांचे निधन झाले. ‘जर्नी इन सच्चिदानंद’ व ‘प्रॉमिसेस’ यांच्यामध्ये ५० वर्षांचे अंतर आहे; दोहोंत वादक तोच आहे. तंबोऱ्याची जागा आवर्तित स्वराकृतीने व विद्युत्-नादाने घेतली. त्या नादाला प्रत्युत्तर देण्याची वादकाची वृत्ती मात्र तीच राहिली.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या नाला सिनेफ्रो यांच्या ‘स्पेस १.८’ या मुद्रिकेत हार्प व सुट्या घटकांची जुळणी करून बनविलेला सिंथेसायझर ही दोन्ही वाद्ये एकाच वादिकेच्या हाती आहेत. तिचा आठवा व अखेरचा भाग १७ मिनिटांहून दीर्घ आहे. हार्पचा स्वर छेडताच क्षीण होऊ लागतो, सिंथेसायझरचा स्वर हवा तितका टिकतो. क्षय व स्थैर्य यांच्या या विरोधातून तिची रचना आकार घेते.

यावरून असे म्हणता येईल की सिंथेसायझर जॅझला शांतता देत नाही. तो शांततेसाठी अवकाश उपलब्ध करतो. त्या अवकाशात कोणी ऐकून उत्तर देत असेल, तर उपज जिवंत राहते आणि ती रचना जॅझच्या परंपरेतच बसते. उत्तर देणारा नसेल, तर उरतो तो केवळ मधुर आवाजाचा पडदा. म्हणून अभ्यासकाने मुद्रिकेच्या वेष्टनावरील वाद्यांची यादी वाचून वर्गीकरण करू नये. टिकलेल्या स्वरानंतर वादक किती काळ थांबतो व थांबून काय म्हणतो, हे त्याने कान देऊन ऐकावे.