गेम त्याचा, बिल सगळ्यांचं!

ऐरोली नाही तर महापेला ऑफिस, खारघर किंवा नेरुळला तिघांत एक फ्लॅट आणि हॉलमध्ये प्लेस्टेशन. नवी मुंबईतल्या बॅचलर लाइफचा सीन हाच! पण महिनाअखेरीस महावितरणचं बिल आलं, की दोस्तीची परीक्षा सुरू. ‘रात्रभर गेम कोण खेळतं?’ इथून पेटलेलं भांडण थेट फ्लॅट सोडण्यापर्यंत जातं. त्यापेक्षा जरा हिशेब मांडूया का?

फॉर्म्युला एकदम सोप्पा. वॅट गुणिले तास, भागिले १००० म्हणजे युनिट. मोठा गेम चालू असताना प्लेस्टेशन ५ साधारण २०० वॅट खातं. रोज दोन तास खेळलात, तर महिन्याला १२ युनिट. टीव्हीचे वेगळे. ४०० वॅटचा गेमिंग पीसी रोज चार तास चालला, तर तब्बल ४८! आणि ती चार्जिंगवाली छोटी रिमोट कार? दोनशे वेळा चार्ज केली तरी जेमतेम एखादं युनिट. तिला माफ करा.

आता खरे आरोपी बघा. दीड टनाच्या एसीचं तासाला एक युनिट धरलं, तरी दोन रात्रींत प्लेस्टेशनचा अख्खा महिना मागे पडतो. रिमोटने ‘बंद’ केलेला सेट-टॉप बॉक्स दहा वॅट खात राहिला, तर महिन्याला सात युनिट गेलेच. तेही कुणी काही न बघता!

मग गेमर निर्दोष? तसंही नाही बॉस. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. टप्पा ओलांडला, की वरच्या युनिटना चढा दर लागतो. घर आधीच तीनशेच्या काठावर असेल, तर पीसीचे ते ४८ युनिट महागात पडतात.

तोडगा? स्थिर आकार आणि फ्रिज, पंखे, दिवे सगळ्यांत सारखे वाटा. एसी, पीसी, कन्सोल यांचे युनिट ज्याचे त्याच्या नावावर. एकूण बिलातून स्थिर आकार वजा करा, उरलेल्याला एकूण युनिटने भागा, की तुमच्या घरचा दर मिळाला. आणि झोपण्याआधी बटण रिमोटचं नाही, भिंतीवरचं दाबा.

भांडायचंच असेल, तर कालची मॅच कोण हरलं यावर भांडा ना!