उगवण पाहिल्याशिवाय पेरणी झाली म्हणू नका



पेरणी आटोपली की आठ-दहा दिवसांत आपण सकाळी शेतात चक्कर टाकतो. एकेक तास बघत जातो. कुठे बी उगवले, कुठे किड्याने खाल्ले, कुठे पाणी साचून कुजले, हे पाहतो आणि लगेच नांग्या भरून घेतो. बी किती किलो टाकले यावर पीक आले असे कोणी म्हणत नाही. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण मुलांच्या शिक्षणाच्या बाबतीत आपण नेमके उलटे वागतो. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आज हा विषय काढला.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मोठ्या गावात बारावीनंतरच्या शिक्षणावर मेळावा घेतला. एका महाविद्यालयाचे प्राध्यापक आले, मीही बोललो. हजेरीपटावर दीडशे सह्या झाल्या. ‘मेळावा यशस्वी’ असा अहवाल मी वर पाठवला आणि मोकळा झालो.

दोन वर्षांनी तालुक्याच्या गावी खताच्या दुकानात गोण्या उचलणारा एक मुलगा जवळ आला. म्हणाला, “साहेब, तुम्ही आमच्या गावाला आला होता. मी पुढंच बसलो होतो.” विचारपूस केली. बारावी विज्ञानला गुण चांगले, सीईटी दिलेली, कृषी पदवीचा अर्जही भरलेला. पण जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत हाती आले नाही. राखीव जागा गेली आणि खुल्या गटातून नंबर लागला नाही. पुढच्या वर्षी वडील आजारी पडले आणि शिक्षण राहून गेले. “तुम्हाला विचारावं वाटलं होतं साहेब, पण तुमचा नंबर नव्हता,” असे तो म्हणाला, तेव्हा मला उत्तर सुचले नाही. माझ्याकडे त्याची सही होती, त्याची खबर नव्हती.

घरी येऊन जुना हजेरीपट काढला आणि जमेल तशी एकेकाची चौकशी केली. पुष्कळ मुले पुढे गेली होती, तो आनंद होताच. पण जी थांबली, त्यांतली सगळीच काही गुणांत कमी पडलेली नव्हती. कोणाचा दाखला अडला, कोणाला प्रवेशफेरीची तारीख कळली नाही, कोणाचे वसतिगृहाच्या खर्चावर अडले आणि एका मुलीचे लग्न ठरले. म्हणजे बी चांगले होते. उगवणीच्या वेळी पाहायला कोणी गेले नाही.

इंग्लंडातील नोंदवही

हे काम कोणी नीट करते का, म्हणून वाचू लागलो, तेव्हा इंग्लंडातली एक पद्धत समजली. गरिबाचे मूल मागे राहते हे तिथेही आहेच. तिथे गरीब घरच्या मुलांना शाळेत मोफत जेवण मिळते. २०२२-२३ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे अशा शंभर मुलांतली सुमारे २९ मुले वयाच्या १९ व्या वर्षापर्यंत उच्च शिक्षणात पोचली. इतर मुलांत हेच प्रमाण जवळपास ५० होते.

ही दरी कमी व्हावी म्हणून तिथली विद्यापीठे अशा मुलांच्या शाळांत जातात. मुलांना एक दिवस विद्यापीठ दाखवतात, सुटीत निवासी शिबिरे घेतात, पदवीचे विद्यार्थी शाळकरी मुलांना अभ्यासात मदत करतात. पण या खटपटीने खरोखर किती मुले पुढे गेली? याचा माग ठेवण्यासाठी ‘हायर एज्युकेशन ॲक्सेस ट्रॅकर’, थोडक्यात ‘हीट’, नावाची व्यवस्था आहे. केंट विद्यापीठातून ती चालते आणि अनेक विद्यापीठे तिची सभासद आहेत. कोणते मूल, कोणत्या शाळेचे, कोणत्या कार्यक्रमाला आले आणि किती वेळा आले, याची नोंद होते. पुढे ती नोंद शाळेच्या निकालांशी आणि विद्यापीठ प्रवेशाच्या सरकारी नोंदींशी जोडून पाहतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी भेटलेले मूल अठराव्या वर्षी कुठे आहे, हे अशा रीतीने कळते.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, धीर. आंब्याचे कलम लावून पुढच्या वर्षी पाटी घेऊन कोणी झाडाखाली जात नाही. तसेच या कामाचे फळ चार-पाच वर्षांनी दिसते. दुसरी, एका भेटीने भागत नाही. एकदाच भेटलेल्या मुलांपेक्षा पुनःपुन्हा आणि वेगवेगळ्या प्रकारे संपर्कात आलेली मुले पुढे जास्त गेलेली दिसतात.

पण इथे एक मेख आहे. शिबिराला स्वतःहून येणारे मूल मुळातच हुशार आणि शिकण्याची ओढ असलेले असू शकते. ते शिबिराशिवायही पुढे गेले असते. मग श्रेय शिबिराचे कसे? आपल्या प्रात्यक्षिकाच्या प्लॉटचेही असेच आहे. काळ्या कसदार पट्टीत नवे वाण लावायचे, मुरमाड पट्टीत जुने लावायचे आणि उत्पन्न नव्या वाणाने वाढले म्हणायचे, हा न्याय नव्हे. शेजारी-शेजारी सारख्याच जमिनीत दोन्ही वाफे हवेत. म्हणून तिकडचे जाणकारही सारख्या गुणांची, सारख्या परिस्थितीची, पण शिबिराला न गेलेली मुले शेजारी ठेवून तुलना करतात. आपल्याच कामाचे कौतुक ऐकण्याआधी अशी पारख केलेली बरी.

आपल्या दारी येणारी विद्यापीठे

शिक्षणाने गरिबाच्या दारी जाणे आपल्याला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. खेड्यापाड्यांतली गरिबांची मुले आणून त्यांनी वसतिगृहात ठेवली. मूल आणायचे, जेवू घालायचे आणि शिकून बाहेर पडेपर्यंत सोडायचे नाही, अशी ती रीत होती.

आजही विद्यापीठ आपल्या गावात येते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांचे अंतिम वर्षाचे विद्यार्थी ‘कृषीदूत’ आणि ‘कृषीकन्या’ म्हणून गावात राहतात. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे तर १९६९ पासूनची. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते, माती परीक्षणाचे नमुने घेतात, सरपंचांबरोबर फोटो होतो. हे सगळे असावेच. पण याच मुला-मुलींनी दोन-तीन संध्याकाळी गावातल्या दहावी ते बारावीच्या मुलांजवळ बसावे, असा आग्रह तुम्ही धरा. कालपर्यंत आपल्यासारखीच चिखल तुडवीत शाळेत गेलेली मुलगी आज कृषी पदवीधर होते आहे, हे डोळ्यांनी पाहिले की आमच्या दहा भाषणांचे काम होते.

गावाची वही

यापुढचे काम मात्र गावाचे. त्याला संगणक लागत नाही, दोनशे पानी वही पुरते. निवृत्त गुरुजी, वाचनालयाचे ग्रंथपाल किंवा बचत गटातली एखादी शिकलेली ताई, कोणी तरी एकाने ती सांभाळावी. दहावीच्या प्रत्येक मुला-मुलीला एक पान द्यावे. मेळाव्याला न आलेल्यांनाही द्यावे, कारण खरी काळजी त्यांचीच असते. पानावर पुढील टप्पे लिहावेत आणि झाला त्यावर खूण करावी:

१. दहावीनंतर कुठे? अकरावी, कृषी तंत्र पदविका, आयटीआय की घरी?

२. अकरावीतच दाखले: जातीचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र. राखीव जागेसाठी वैधता प्रमाणपत्राचा अर्ज याच वर्षी करावा, बारावीच्या निकालाची वाट पाहू नये.

३. बारावीच्या वर्षी: उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर, आधारशी जोडलेले बँक खाते आणि सीईटीचा अर्ज. घरची शेती असेल तर कृषी प्रवेशासाठी सातबाराही काढून ठेवावा.

४. प्रवेशफेऱ्यांच्या तारखा, मिळालेली जागा, प्रत्यक्ष हजर झाल्याची तारीख.

५. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृह.

६. दुसऱ्या वर्षाला गेले का? ही ओळ विसरू नका. उगवलेले रोपही पुढे मरते.

मुलींच्या पानावर एक सूचना ठळक लिहावी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून घेतलेला हवा. ‘फी परवडत नाही’ म्हणून मुलीला घरी बसवण्याआधी हे घरात वाचून दाखवा.

वहीबाबत एक पथ्य पाळावे. आई-वडिलांना विचारूनच नाव लिहावे आणि कोणाचे गुण, कोणाची अडचण चावडीवर बोलू नये. ही वही नांगी कुठे पडली ते कळावे एवढ्यासाठी आहे, कोणाला कमी लेखण्यासाठी नाही.

तो खताच्या दुकानातला मुलगा आता नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, नोकरी सांभाळून, पदवी करतो आहे. मागच्या महिन्यात पुस्तके दाखवायला आला होता. मला बरे वाटले, पण उशिरा भरलेल्या नांगीचे रोप थोडे मागे राहते, हे तुम्ही जाणताच. तुमच्या गावात यंदा दहावीला किती मुले आहेत? आजच नावे काढा. आणि माझ्यासारखा कोणी अधिकारी मेळावा घ्यायला आला, तर चहा पाजा, पण जाण्याआधी त्याचा फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.