जशी जमीन, तशी नाल

झाशीच्या किल्ल्यात एक जागा दाखवून वाटाडे सांगतात, राणीने दत्तक मुलाला पाठीशी बांधून घोड्यासह उडी घेतली ती इथून. पण घोड्यांत वावरलेला माणूस उडीपेक्षा पुढच्या रस्त्याचा विचार करील. ४ एप्रिल १८५८च्या रात्री लक्ष्मीबाई झाशीतून निघाल्या आणि भांडेरमार्गे काल्पीला पोहोचल्या. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. झाशीजवळ ग्रॅनाइटचे खडक आणि खडेरी तांबडी माती, बुंदेलखंडातली ‘राकड’. पुढे जालौनकडे काळी ‘मार’. काल्पीला यमुनेकाठच्या घळी. एका दौडीत इतक्या तऱ्हांची जमीन!

घोड्याची पारख असणाऱ्यांत राणीचे नाव मोठे होते, असे विष्णुभट गोडशांनी ‘माझा प्रवास’मध्ये लिहिले आहे. पण अशा जमिनीवर घोडा टिकतो तो नालेच्या जोरावर, आणि पागेत नाल ठोकणाऱ्या नालबंदाचा मान काय होता, ते सभासदाच्या बखरीत दिसते. शिवरायांच्या फौजेत पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद असे.

नालबंदाचे काम जवळून पाहावे. घोड्याचा पाय मांडीवर घेऊन तो जुन्या खिळ्यांची वळलेली टोके सरळ करतो, पकडीने नाल उचकटतो, वाढलेले खूर तासतो आणि कानस फिरवून सपाट करतो. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखीच निर्जीव, तिथे खिळा दुखत नाही. पण आतला जिवंत भाग अगदी लागून असतो. म्हणून खिळ्याचे टोक एका बाजूने उतरते घडवलेले असते. ठोकताना तो बाहेरच्या अंगाला वळतो आणि भिंतीतून वर निघतो. निघालेले टोक तोडून दुमडायचे. हात चुकला, तर घोडा लंगडलाच. खूर महिन्याला साधारण एक सेंटीमीटरपर्यंत वाढते, त्यामुळे नाल झिजली नसली तरी सहा-आठ आठवड्यांनी हे सारे पुन्हा करावे लागते.

एकच नाल सगळीकडे चालत नाही. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर धावणाऱ्या घोड्याला ॲल्युमिनियमची पातळ नाल लागते, कारण पायाच्या टोकाला असलेले थोडेसे वजनही दर टापेला उचलावे लागते. पोलोत घोडा क्षणात वळतो. त्याच्या नालेची आतली कड उंच ठेवतात, बाहेरची नाही, म्हणजे दुसऱ्या घोड्याला इजा कमी. ओल्या गवतावर अडथळे ओलांडणाऱ्या घोड्याच्या नालेत स्क्रूने खुंट्या बसवतात आणि फेरी संपली की काढतात. वाळूच्या रिंगणात कसरत करणाऱ्याला साधी नाल पुरते. डांबरी रस्त्यावर गुळगुळीत लोखंड सरकते, तिथे टंगस्टन कार्बाइडचे कठीण ठिपके कामी येतात.

मग भरपूर पकड द्यावी की! नेमकी इथेच गफलत होते. टाप टेकली की खूर किंचित घसरावे लागते. ते जागच्या जागी रुतले, तर सारा हिसका सांध्यांवर आणि स्नायुबंधांवर येतो. अमेरिकी ‘रेनिंग’ या खेळात तर मागच्या पायांना मुद्दाम रुंद, गुळगुळीत नाल घालतात, कारण तिथे भरधाव घोडा घसरत थांबण्यालाच गुण असतात.

जमीन बदलली की घोडा अडतो. माथेरानच्या लाल मातीच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक आले, तेव्हा घोडे घसरतात अशी तक्रार अश्वपालांनी केली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

उत्तरेतल्या वीटभट्ट्यांवर आणि टांग्यांना जुंपलेल्या घोड्यांचे दुखणे निराळे. तिथे बाजारातली तयार नाल घेऊन तिच्या मापाने खूर कापण्याची खोड आहे. खुराच्या मापाने नाल वाकवायला हवी, एवढे साधे असूनही ते राहून जाते. ‘ब्रूक इंडिया’सारख्या संस्था नालबंदांना हेच शिकवतात.

वरातीसाठी घोडी ठरवताना झूल आणि गोंडे पाहून झाले, की तिचे पाय उचलून दाखवायला सांगा. नाल हलत असेल किंवा खिळे वर आले असतील, तर त्या घोडीला सिमेंटच्या रस्त्यावर नाचवू नका. आधी नालबंदाला बोलवा.